गुऱ्हाळावर पीएच.डी. : चुलवाण, हायड्रॉस आणि गुळव्याचं कसब एकाच अभ्यासात बसेल का?

घटप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चिकोडी, रायबाग, हुक्केरी, निपाणी आणि अथणी या पाच तालुक्यांतल्या गुऱ्हाळांवर प्रबंधाचा आराखडा करतोय. माझा मूळ विषय अन्नविज्ञान, पण विषय रुंद घ्यायचा ठरलंय. चुलवाणाला (रस आटवायच्या भट्टीला) जळण किती लागतं, गुळात हायड्रॉसचा (गुळाचा रंग उजळायला घालतात त्या रसायनाचा) अंश किती उरतो, आणि काहील (रस आटवायची मोठी कढई) कधी उतरवायची हे गुळव्या (गूळ करणारा कारागीर) कशावरून ठरवतो, हे तिन्ही त्यात हवंय. १२ गुऱ्हाळं, प्रत्येकी तीन आधणं (काहिलीचे फेरे), एक हंगाम असा बेत आहे. सोबत ४० प्रश्नांची प्रश्नावली.

भीती अशी की हे तीन सुटे अहवाल होतील आणि मध्ये नुसती टाचणी लागेल. तिन्ही एकत्र बांधायचं कसं? काय मोजायचं, कशानं मोजायचं, आणि कुठं गाडी अडते? यंत्रसामग्रीला पैसा बेताचाच आहे. गूळ, उसाचं रसायन, भट्टी, भाषा, सांख्यिकी, यातलं ज्याला जे येतं त्यानं सांगावं.

---

निवळी

प्रश्नावली तूर्त बाजूला ठेवा आणि मोजणीचं एकक आधण धरा. रस काहिलीत पडल्यापासून गूळ वाफ्यात (गार करायच्या पसरट हौदात) ओतेपर्यंतचा जो एक फेरा, त्याला एक क्रमांक द्या. जळणाचं वजन, तापमानाची नोंद, रसाचा नि गुळाचा नमुना, गुळव्याचं बोलणं, सगळं त्या क्रमांकाखाली. एवढं केलंत की तीन विषय आपोआप एका ओळीत येतात, कारण 'या आधणाला जळण जास्त लागलं' आणि 'या आधणाचा गूळ काळा आला' हे एकाच ओळीत शेजारी दिसतं. शेतकऱ्याला घरी जाऊन विचारलेलं 'साधारण किती जळण लागतं' हे उत्तर कशालाच जोडता येत नाही.

आता रसायनाचं. प्रत्येक आधणाचे किमान चार नमुने घ्या: कच्चा रस, मळी (तापताना वर तरंगून येणारी घाण) काढून झाल्यावरचा रस, काहील उतरवतानाचा पाक आणि तयार गूळ.

कच्च्या रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घनांची टक्केवारी) आपल्याकडे साधारण १८ ते २२ येतो, पीएच ५.२ ते ५.५. ब्रिक्स हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर मिळतो, पण गरम थेंब काचेवर टाकला की पाणी उडतं आणि आकडा चढा दिसतो. 'आपोआप तापमान दुरुस्ती' लिहिलेलं असलं तरी ती साधारण १० ते ३० अंशांपुरतीच असते. म्हणून नमुना झाकणाच्या बाटलीत घ्या, बाटली बंद ठेवूनच गार करा, फडक्यातून गाळा, मग वाचा. घट्ट पाक असेल तर वजनानं पाणी मिसळून पातळ करा आणि गुणून घ्या. पीएचचंही तसंच. इलेक्ट्रोड गरम पाकात बुडवला तर इलेक्ट्रोडही जातो आणि आकडाही.

पीएचला एवढं महत्त्व का, तर आम्लात साखर फुटते. पीएच एक अंकानं खाली आला की त्याच तापमानाला साखर फुटण्याचा वेग सुमारे दसपट होतो. ५.३ चा रस चुन्याच्या निवळीनं ६.३ वर आणला तर नुकसान तितकंच आटोक्यात येतं. पण ७ च्या वर गेलात की फुटलेली साखर, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोज, अल्कलीत करपल्यासारखी काळी पडते. तेव्हा 'चुना घातला' एवढी नोंद पुरत नाही. निवळी किती लिटर, कुठल्या टप्प्याला, आधीचा आणि नंतरचा पीएच, हे हवं. भेंडीच्या चिकट पाण्याचंही तेच: किती किलो भेंडी किती पाण्यात चोळली, आणि मळी वर यायच्या वेळी रस किती तापलेला होता. रस खदखदायला लागल्यावर भेंडी घातली तर मळी मोडून रसातच फिरते, मग ती झाऱ्यानं येत नाही.

हायड्रॉस म्हणजे सोडियम डायथायोनाइट. खाद्यपदार्थांच्या नियमांत गुळासाठी सल्फर डायऑक्साइडची कमाल मर्यादा ७० पीपीएम (किलोला ७० मिलिग्रॅम) आहे. मोजायची पद्धत मोनिए-विल्यम्स. ५० ग्रॅम गूळ पाण्यात, हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर पावणेदोन तास उकळायचा. नायट्रोजनच्या झोतानं निघणारा वायू ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पकडायचा आणि ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेट करायचा. १ मिली म्हणजे ०.३२ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड. म्हणजे ७० पीपीएमच्या गुळाला सुमारे १०.९ मिली लागेल. ब्युरेट त्या हिशेबानं निवडा. १० पीपीएमच्या खालच्या आकड्यावर भाष्य करू नका, पद्धतीची ताकद तिथं संपते.

इथं तीन ठिकाणी फसतं. एक, आयोडीनचं सोपं टायट्रेशन करायचा मोह होतो. गुळातले रंगद्रव्य-फिनॉल आयोडीन खातात आणि साखरेला बांधलेला सल्फाइट थंड पद्धतीत सुटतच नाही, म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी. दोन, उडणारी सेंद्रिय आम्लं पेरॉक्साइडमध्ये येऊन आकडा फुगवतात. शंका आली तर तोच द्रव बेरियम क्लोराइडनं सल्फेट म्हणून वजनावर तपासा. तीन, सल्फाइट साठवणीत कमी होत जातो. एका गुऱ्हाळाचा गूळ दुसऱ्या दिवशी तपासला आणि दुसऱ्याचा महिन्यानं, तर तुम्ही गुऱ्हाळांची तुलना करतच नाही. गूळ पाडल्यापासून तपासणीपर्यंतचे दिवस सगळ्यांना सारखे ठेवा.

कागदावरचा हिशेब आधी करून बघा. १ ग्रॅम शुद्ध हायड्रॉसमधून जास्तीत जास्त ०.७४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. १०० किलो गुळाच्या आधणाला १०० ग्रॅम घातलं आणि सगळंच राहिलं तर ७४० पीपीएम. प्रत्यक्षात बरंचसं वाफेबरोबर जातं किंवा सल्फेट होतं. सल्फेट या तपासणीत दिसत नाही, म्हणून कमी आकडा म्हणजे हायड्रॉस घातलंच नाही असं लिहू नका. रस उकळताना घातलं की उतरवायच्या तोंडावर, हा फरक डोसाइतकाच मोठा. जमल्यास त्याच फडातल्या उसाचं एक आधण हायड्रॉसशिवाय काढायला सांगा आणि गुळाचा रंग पडल्यानं भावात जी तूट येईल ती भरून देण्याची तरतूद खर्चात दाखवा. फुकटात कोण करेल?

---

धुराडं

वरचं बरोबर आहे. मी चुलवाणाचं सांगतो.

आधी १०० किलो रसाचा हिशेब मांडा. २० ब्रिक्स म्हणजे २० किलो घन. ५ टक्के ओलाव्याचा गूळ सुमारे २१ किलो होणार (मळीतली घट तूर्त सोडा). म्हणजे ७९ किलो पाणी उडवायचं. रस २७ अंशांवरून उकळीला न्यायला साधारण २८ मेगाज्यूल, पाण्याची वाफ करायला १७८. एकूण २०६.

आता जळण. चरकातून ६५ टक्के रस निघाला असं धरा. १०० किलो रसामागं ऊस १५४ किलो, ओलं चिपाड ५४ किलो, त्यात निम्मं पाणी. उन्हात वाळवून १० टक्के ओलाव्यावर आणलं की उरतं ३० किलो. अशा चिपाडातून किलोला सुमारे १५.५ मेगाज्यूल मिळतात, म्हणजे ४६५. २०६ भागिले ४६५, ४४ टक्के. आपल्याच चिपाडावर आधण काढायचं तर चुलवाणाची कार्यक्षमता एवढी लागते. एका काहिलीचं जुनं चुलवाण २०-२५ टक्क्यांवर चालतं. २५ टक्क्यांना ५३ किलो चिपाड लागेल, म्हणजे किलोभर गुळाला अडीच किलो. तूट २३ किलोंची. ती पाचटानं, लाकडानं, कुठं कुठं जुन्या टायरांनी भरली जाते. तुमच्या प्रबंधाला एक कणखर प्रश्न हवा असेल तर हा घ्या: तूट कुठं किती आणि ती कशानं भरली जाते? टायर जळत असेल तर त्याचं वजन वेगळं लिहा, किलोला ३० मेगाज्यूलच्या वर उष्णता असते. चिपाडाच्या बेरजेत टाकलंत तर सगळी टक्केवारी खोटी पडेल.

चिपाडाचा ओलावा हा सगळ्यांत दुर्लक्षित आकडा. ५० टक्के ओल्या चिपाडाला निव्वळ उष्णता किलोला ७.५ मेगाज्यूलच्या आसपास, वाळलेल्याच्या निम्मी. गंजीच्या वरच्या थरातून नमुना घेतला तर कोरडा दिसतो, आत दमट असतं. जळव्या चुलीत टाकायला जी कवळ उचलतो त्यातूनच मूठ-मूठ घ्या. आधणभरात आठ-दहा वेळा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, लगेच तोंड बांधून. मग १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत.

रसाचं वजन टाकीच्या मापावरून करा, पण टाकी आधी २० लिटरच्या घागरीनं भरून काठीवर खुणा पाडून घ्या. गुऱ्हाळातल्या टाक्या कधी चौरस नसतात. २० ब्रिक्सच्या रसाची घनता १.०८ आहे, हजार लिटर म्हणजे १०८० किलो. हे विसरलात तर सुरुवातीलाच ८ टक्के चूक. ताळा साधा: रसातले घन = गुळातले घन + मळीतले घन. मळीही तोला. ताळा ५ टक्क्यांत बसला नाही तर ते आधण जळणाच्या गणितातून काढा.

धुराचं तापमान के-प्रकारच्या थर्मोकपलनं, पोलादी नळीतलं. शेवटची काहील संपते त्याच्या पुढं, धुराच्या वाटेच्या मधोमध. भिंतीला टेकलं तर भिंतीचं तापमान मिळतं. चूल हातानं घातली जाते, तोंड सारखं उघडं पडतं, आकडा शंभर-शंभर अंश उड्या मारतो. म्हणून वहीत पाच मिनिटांनी लिहिलेल्या नोंदी निरुपयोगी, दर १० सेकंदांनी नोंदणारा लॉगर हवा. दोन वाहिन्यांचा साधा पुरतो. धुरातला ऑक्सिजन मोजता आला तर सोनंच: ऑक्सिजन १२ टक्के असेल तर जादा हवा १२ भागिले (२१ वजा १२), म्हणजे १३३ टक्के. गरजेच्या सव्वादोन पटीहून जास्त हवा तापवून धुराड्यातून सोडली जातेय. यंत्र विकत घेऊ नका, औष्णिक प्रयोगशाळा असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून दोन-तीन गुऱ्हाळांपुरतं आणा.

पाकाच्या तापमानाबद्दल एक गोष्ट पुस्तकावरून उचलू नका. घट्ट गुळाला ११६ ते ११८ अंश, काकवीला १०५-१०६, भुकटीच्या गुळाला १२०-१२२ असे आकडे सगळीकडे छापलेले असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथं पाणीच साडेसत्याण्णवला उकळतं. कृष्णाकाठी अथणीकडं उंची कमी, म्हणून उकळबिंदू जरा वर. प्रत्येक गुऱ्हाळात काम सुरू करण्याआधी त्याच थर्मामीटरनं साधं पाणी उकळून बघा आणि नोंद 'पाण्याच्या उकळीपेक्षा किती अंश वर' अशी करा. घट्ट गुळाला हा फरक १६ ते १८ चा. दोन्ही चुका, उंचीची आणि थर्मामीटरची, एका फटक्यात जातात.

---

घटप्रभाकाठ

दोघांचेही आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन शंका. सल्फाइटच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात, त्या चालतील का? गुळाचा ओलावा १०५ अंशांवरच काढायचा ना, चिपाडासारखा? आणि काही गुऱ्हाळांत रसात साखर मिसळतात, ते कसं ओळखायचं? कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतं असं वाचलं होतं.

---

निवळी

पट्ट्या चाळणीपुरत्या. गुळाच्या द्रावणाचा तांबूस रंग पट्टीच्या रंगावर चढतो आणि बांधलेला सल्फाइट पट्टीला दिसत नाही. पट्टी 'नाही' म्हणाली याचा अर्थ काहीच होत नाही. कुठल्या गुऱ्हाळाचे नमुने आधी प्रयोगशाळेत न्यायचे एवढं ठरवायला वापरा.

ओलावा १०५ वर अजिबात नको. फ्रुक्टोज ७० अंशांच्या वर मोडायला लागतं, ते वजन पाणी म्हणून मोजलं जातं. निर्वात ओव्हन, ६० ते ७० अंश, वाळूत मिसळून पातळ पसरलेला नमुना. शिवाय ढेपेचा बाहेरचा थर आणि पोट यांत ओलाव्याचा फरक असतो. ३० किलोची ढेप असेल तर वरून, कडेनं आणि गाभ्यातून छिद्र पाडून भुगा घ्या, एकत्र करा, अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात लगेच सील करा. पावसाळी हवेत उघडा ठेवलेला गूळ तासाभरात ओलसर लागतो.

समस्थानिकांची पद्धत मधात साखर मिसळलेली ओळखायला छान, इथं तिचा उपयोग शून्य. गूळ उसाचा, साखरही उसाची, दोघांची कार्बनची सही एकच. राखेवर आणि पोटॅशियमवर जा. शुद्ध साखरेत खनिजं जवळजवळ नसतात, म्हणून साखर घातली की राख आणि द्रावणाची विद्युतवाहकता खाली येते. पण त्याच आधणाच्या रसाची राख माहीत असल्याशिवाय हे सिद्ध होत नाही, कारण कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीतल्या उसाचा रस मुळातच खारट, राखेनं जड. अशा उसाच्या गुळात साखर मिसळली तरी राख 'नॉर्मल' दिसेल. म्हणून रसाचा नमुना घ्या म्हणालो. उसाची जात (को ८६०३२ की कोसी ६७१ की आणखी कुठली), लागणीचा प्रकार (आडसाली-सुरू-खोडवा), आणि तोडीपासून गाळपापर्यंतचे तास, हे प्रत्येक आधणासमोर लिहाच. तोडून दोन दिवस पडलेल्या उसाचा रस असेल तर पुढचं काहीही गुळव्याच्या माथी मारू नका.

एक जोड: रंग मोजताना द्रावणाचा पीएच ७ ला आणून, गाळून मगच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचा. गुळाचा रंग पीएचबरोबर बदलतो.

---

खोडवा

मी सांख्यिकीच्या बाजूनं थोडकंच. १२ गुऱ्हाळं गुणिले तीन आधणं म्हणजे ३६ स्वतंत्र नमुने होत नाहीत. एका गुऱ्हाळातली आधणं एकमेकांसारखी असतात: तोच गुळव्या, तेच चुलवाण, बहुतेक त्याच फडातला ऊस. हा सारखेपणा (० ते १ च्या मापात) समजा ०.६ असेल, तर फुगवट्याचा गुणक १ + (३ − १) × ०.६ = २.२, म्हणजे ३६ ची खरी किंमत १६. तेच ३६ नमुने १८ गुऱ्हाळांतून दोन-दोन घेतले तर गुणक १.६, किंमत साडेबावीस. गुऱ्हाळं वाढवा, आधणं कमी करा.

आणि सगळीकडं सगळं मोजू नका. ओलावा, सल्फाइट, पीएच, उसाची माहिती ही १८ ठिकाणी. धुराडं म्हणतात तो पूर्ण उष्णतेचा ताळा चार-पाच ठिकाणी, पण निवडून: एक काहील, जोड काहील, सुधारित चुलवाण असे प्रकार यायला हवेत. विश्लेषणात गुऱ्हाळ हा यादृच्छिक घटक ठेवा. प्रयोगशाळेत एकाच गुळाच्या दोन वाचनांची सरासरी घ्यायची, ती दोन निरीक्षणं म्हणून ओळीत घालायची नाहीत. परीक्षक हेच आधी बघतात.

---

मोडीबाराखडी

भाषेचा आणि कसबाचा भाग मागं राहिलाय, तो घेतो. सुरुवातीला एक मतभेद: 'प्रश्नावली बाजूला ठेवा' हे पटतं, पण गुळव्याचं बोलणं हा नुसता एक रकाना नव्हे. तो काहिलीकडे बघून जे ठरवतो ते थर्मामीटरच्या आधी ठरलेलं असतं, आणि तुमच्या अभ्यासातली सगळ्यांत नवी गोष्ट तिथंच मिळेल. उष्णतेचे आणि सल्फाइटचे आकडे इतरांनीही काढलेत.

कसं करायचं? गुळव्याला काम करता करता मोठ्यानं बोलायला सांगा. 'आता मळी फुटली', 'आता फेस बसला', 'आता बुडबुडा जड झाला', 'आता गोळी बघू'. प्रत्येक वेळी तो कशाकडं बघतोय, कशाचा आवाज ऐकतोय, वास घेतोय, की फावड्यावरून पडणारी धार बघतोय, ते टिपा. पाण्यात पाक टाकून गोळी वळताना ती बोटांत कशी लागते, ताटावर आपटल्यावर आवाज येतो का, हे जवळून चित्रित करा. तापमानाचा लॉगर, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांची घड्याळं सकाळी एकत्र जुळवा. साधा उपाय: लॉगरच्या पडद्यावरची वेळ कॅमेऱ्यात दाखवायची आणि त्याच क्षणी एक टाळी वाजवायची. नंतर एलान या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बोलणं आणि तापमानाचा आलेख एकाखाली एक लावता येतो. मग 'बुडबुडा जड झाला' हे पाण्याच्या उकळीच्या वर किती अंशांना म्हटलं गेलं, आणि निपाणीचा गुळव्या व रायबागचा गुळव्या ते एकाच अंशाला म्हणतात का, हे थेट दिसेल. तीन विषय जोडायचा सांधा हाच.

चरक आणि पंख्याच्या आवाजात मोबाइलचं मुद्रण वाया जातं. कॉलरला लावायचा छोटा माइक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. एमपीथ्री नको, आवाजाचं बारीक विश्लेषण करताना ते कापलं गेलेलं असतं. संध्याकाळी काम थांबल्यावर शांत जागी तेच शब्द पुन्हा म्हणवून घ्या. यादी वाचून 'याला काय म्हणता' असं विचारलं की माणूस पुस्तकी शब्द देतो. वस्तू हातात असतानाच विचारा.

आपल्या भागात एका चुलवाणापाशी मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. जळव्याशी कन्नड, मालकाशी मराठी, तोलारी-दलालाशी तिसरंच. कोण कोणाशी कुठल्या भाषेत कुठला शब्द बोलला ते लिहा, एकाच भाषेत 'शुद्ध' करून घेऊ नका. कन्नड शब्द कन्नड लिपीतच उतरवा. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे आहेत, आपल्या नेहमीच्या देवनागरीत तो फरक बुडतो. संमतीपत्र दोन्ही भाषांत हवं आणि त्यात हायड्रॉसचा मुद्दा स्पष्ट: गुऱ्हाळाचं, गावाचं नाव कुठंही छापणार नाही. तालुका आणि क्रमांक एवढंच. एका गावात एकच गुऱ्हाळ असेल तर गावाचं नाव म्हणजे मालकाचं नाव, हे ध्यानात घ्या. व्हिडिओत चेहरा नको, हात आणि काहील पुरे.

इतिहासाचं प्रकरण घालणार असाल तर दोन खड्डे आहेत. पहिला, मण. मुंबई इलाख्याच्या कागदांतला मण २८ पौंडांचा असू शकतो, म्हणजे १२.७ किलो. बंगाली सरकारी मण ८२ पौंडांच्या वर, ३७.३ किलो. कुठला मण ते त्याच कागदात शोधल्याशिवाय किलो करू नका, तिप्पट चूक होते. १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचतानाही मोजमापांचं पान आधी काढा. दुसरा, जिल्ह्याची हद्द. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा चंदगड तालुका मागं राहिला, तो आता कोल्हापूर जिल्ह्यात आहे. १९५६ च्या आधीच्या 'बेळगाव जिल्हा' या बेरजेत चंदगड धरलेला असतो. उसाचं क्षेत्र पुढं-मागं जोडून आलेख काढलात तर त्या वर्षी जी घसरण दिसेल ती शेतात झालेलीच नाही. आधीचे कागद मुंबईच्या अभिलेखागारात, नंतरचे बंगळूरकडं, हेही वेळापत्रकात धरा.

---

धुराडं

मोडीबाराखडी यांचा घड्याळ जुळवायचा मुद्दा फार कामाचा. त्यात एक दुरुस्ती: काहिलीतलं थर्मामीटर पोलादी जाड नळीत असेल तर ते १०-२० सेकंद मागं असतं. शेवटच्या टप्प्यात पाक पातळ असतानापेक्षा झपाट्यानं चढतो, त्यामुळं गुळव्या 'झालं' म्हणतो तेव्हा तुमचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसेल आणि तो घाई करतो असा चुकीचा निष्कर्ष निघेल. नळीसकट सेन्सर गार पाण्यातून एकदम उकळत्या पाण्यात बुडवून किती सेकंदांत ६३ टक्के बदल दाखवतो ते मोजा आणि तेवढी वेळ मागं सरकवा. टोक बुडापासून चार-पाच सेंटिमीटर वर राहील असा लोखंडी कंस काहिलीच्या कडेला अडकवा. फावडं फिरवणाऱ्याच्या वाटेत येणार नाही अशी बाजू त्यालाच विचारून ठरवा.

---

घटप्रभाकाठ

आराखडा बदलतोय: १८ गुऱ्हाळं, दोन आधणं, पूर्ण ताळा पाच ठिकाणी. आता शेवटची शंका. हंगामात कधी सुरुवात करावी? आणि हायड्रॉसशिवायचं आधण आधी काढावं की नंतर?

---

निवळी

पहिले दोन-तीन आठवडे सोडा. चुलवाण नवीन लिंपलेलं ओलं असतं, मागच्या पावसात भिजलेलं चिपाड जळत असतं आणि ऊस पुरता पिकलेला नसतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत रस स्थिर असतो. मार्चमध्ये ऊन वाढलं की तोडलेल्या उसात साखर भराभर फुटते. पाचही तालुक्यांत आळीपाळीनं फिरा. चिकोडी डिसेंबरात आणि अथणी मार्चात उरकलीत तर तालुक्याचा फरक की महिन्याचा, हे सांगताच येणार नाही.

हायड्रॉसशिवायचं आधण नेहमी आधी. काहील, फावडं, वाफा, सगळ्याला आदल्या आधणाचा पाक चिकटलेला असतो. दिवसाचं पहिलं आधण, काहील धुऊन, तेच बिनहायड्रॉसचं. अडचण एवढीच की पहिल्या आधणाला चुलवाण थंड असतं, जळण जास्त खातं. म्हणून जळणाच्या हिशेबात ते आधण धरू नका, सल्फाइटच्या हिशेबातच धरा. चरकाच्या जाळीखालची रसाची टाकीही धुवून घ्या, रात्रभरच्या शिळ्या रसानं पहिल्या आधणाचा पीएच खाली येतो.

ध्रुवणमापक (द्रावणातली साखर मोजायचं यंत्र) आणि साखरेच्या चाचण्यांची रोजची सवय असलेली माणसं बेळगावच्या निजलिंगप्पा साखर संस्थेत भेटतील. उसाच्या जातींबद्दल संकेश्वरच्या संशोधन केंद्रात विचारा, गुळाबद्दल कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रात. जाताना आधणाच्या नोंदीचा कोरा तक्ता छापून न्या आणि 'यात काय सुटलंय' एवढंच विचारा.